पत्ता चुकीचा, माणूस खरा

पॅथॉलॉजी लॅबचा रिपोर्ट मागवायचा असो, बँकेत खाते उघडायचे असो की रुग्णालयात तपासणीची वेळ घ्यायची असो, अर्जात ईमेल पत्त्याचा एक रकाना हमखास असतो. बहुतेकांचा पत्ता तिथे विनातक्रार घेतला जातो. काहींचा मात्र घेतला जात नाही. ज्या पत्त्यावर रोज पत्रे येतात, तोच पत्ता वैध नाही, अशी लाल ओळ पडद्यावर उमटते आणि अर्ज तिथेच अडतो. नियमात न बसणारा पत्ता एखाद्या कंपनीने, बँकेने वा रुग्णालयाने स्वीकारावा का, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. पण अडलेल्या अर्जामागे एखाद्याचा बायोप्सीचा रिपोर्ट असू शकतो. या प्रश्नाच्या मुळाशी गेले, की एका माणसाशी येऊन थांबावे लागते. ईमेल पाठवण्याचा मूळ नियम १९८२ मध्ये त्याने लिहिला आणि नियम मोडणाऱ्याशी कसे वागावे, हेही त्यानेच सांगून ठेवले. त्याचे नाव जॉन पोस्टेल.

पोस्टेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्नियात, अल्टाडीना या गावी झाला. लॉस एंजेलिसमधील व्हॅन नाइज हायस्कूलमध्ये ते शिकले. इंटरनेटच्या जडणघडणीत पुढे मोठे नाव कमावणारे व्हिंट सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकर हेही त्याच शाळेचे विद्यार्थी. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून पोस्टेल यांनी १९६६ मध्ये अभियांत्रिकीची पदवी आणि १९६८ मध्ये पदव्युत्तर पदवी घेतली. १९७४ मध्ये त्याच विद्यापीठाने त्यांना संगणकशास्त्रातील डॉक्टरेट दिली.

ते विद्यार्थी असतानाच या विद्यापीठात एक वेगळे काम सुरू झाले होते. दूर दूरचे संगणक तारेने जोडून एकमेकांशी बोलते करायचे, असा तो प्रकल्प. पैसा अमेरिकेच्या संरक्षण खात्याचा आणि जाळ्याचे नाव अर्पानेट. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिसहून स्टॅनफर्डजवळच्या संशोधन संस्थेकडे पहिला संदेश गेला. दोनच अक्षरे पोहोचली आणि समोरचा संगणक बंद पडला. पोस्टेल तेव्हा लिओनार्ड क्लाइनरॉक यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या तरुणांपैकी एक होते.

या तरुणांनी आपापसातील टिपणांची एक मालिका सुरू केली. पहिले टिपण स्टीव्ह क्रॉकर यांनी एप्रिल १९६९ मध्ये लिहिले. ‘रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स’, म्हणजे ‘अभिप्राय कळवावा ही विनंती’, असे मालिकेचे नाव. आज या टिपणांना थोडक्यात आरएफसी म्हणतात. इंटरनेट चालते ते याच टिपणांत लिहून ठेवलेल्या नियमांवर. गंमत म्हणजे त्यांतले बहुतेक नियम कायदे नव्हेत. ते न पाळल्यास कोणी दंड करत नाही. सगळ्यांनी पाळले तर सगळ्यांचे काम होते, एवढाच त्यांचा अधिकार.

या मालिकेचे संपादन पोस्टेल यांच्याकडे आले आणि मृत्यूपर्यंत, म्हणजे जवळपास तीन दशके, ते त्यांच्याकडेच राहिले. संपादक म्हणून ते अतिशय काटेकोर होते. टिपण नीट वाचल्याशिवाय, संदिग्ध वाक्य साफ केल्याशिवाय ते पुढे जात नसे. दोनशेहून अधिक टिपणे तर त्यांनी स्वतः लिहिली वा इतरांसोबत तयार केली. जोडीला आणखी एक बिनबोभाट काम त्यांनी अंगावर घेतले. कोणत्या सेवेला कोणता क्रमांक दिला, कोणते नाव कोणाला दिले, याची नोंद कुठेतरी असायला हवी होती. कोणीतरी ही वही ठेवायला हवी होती, ती पोस्टेल यांनी ठेवली. पुढे याच वहीची ‘आयाना’ नावाची व्यवस्था झाली, तरी कित्येक वर्षे आयाना म्हणजे पोस्टेल आणि त्यांचे मोजके सहकारी, असेच समीकरण होते.

१९७७ मध्ये ते सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटमध्ये आले. समुद्रकाठच्या मरीना डेल रे येथील ही संस्था त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. लांब दाढी, पायांत सँडल आणि सुट्टी मिळाली की पाठीवर सामान टाकून सिएरा नेवाडाच्या डोंगरांत भटकंती, असा हा माणूस. पैसा वा प्रसिद्धी यांच्यामागे तो धावला नाही.

त्या काळात जाळ्याला जोडले जाणारे संगणक एका जातीचे नव्हते. कंपनी वेगळी, यंत्र वेगळे, आज्ञावली लिहिणारा माणूस वेगळा. लेखी नियम एकच असला तरी तो वाचणारे दहा जण त्याचे दहा बारीकसारीक वेगळे अर्थ लावत. प्रत्येकाने दुसऱ्याच्या छोट्या चुकीवरून संवाद तोडला असता, तर जाळे उभेच राहिले नसते. हा अनुभव गाठीशी असताना पोस्टेल यांनी जानेवारी १९८० मध्ये संगणकांमधील संवादाच्या नियमाचा एक मसुदा लिहिला आणि त्यात वर्तनाचे एक तत्त्व घातले. आपण पाठवताना नियम कसोशीने पाळावेत, दुसऱ्याकडून आलेले घेताना मात्र उदार असावे, असा त्याचा आशय. हे तत्त्व आज त्यांच्याच नावाने, पोस्टेलचा नियम म्हणून ओळखले जाते.

दवाखान्यातील उदाहरणाने हे लवकर समजेल. डॉक्टरने चिठ्ठी स्वच्छ, सुवाच्य अक्षरात लिहावी, मात्रा स्पष्ट लिहावी, हा झाला नियमाचा पहिला भाग. चिठ्ठीवर तारीख राहिली वा औषधाच्या नावात वेलांटी चुकली, म्हणून औषध दुकानदाराने तापाने फणफणलेल्या मुलाच्या आईला परत पाठवू नये, हा दुसरा. दोन्ही भाग एकत्र पाळले तरच रुग्णाचे भले होते. दुकानदार समजून घेतो म्हणून डॉक्टरने अक्षर आणखी बिघडवत नेले, तर एक दिवस चुकीचे औषध पोटात जाणार, हे सांगायला नको.

ऑगस्ट १९८२ मध्ये पोस्टेल यांचे टिपण क्रमांक ८२१ आले. एका संगणकाने दुसऱ्या संगणकाकडे ईमेल कशी सोपवायची, याचा हा नियम. पाठवणारा संगणक आधी स्वतःचे नाव सांगतो, मग पत्र कोणाकडून आहे ते सांगतो, मग कोणासाठी आहे ते, आणि शेवटी मजकूर देतो. ओळीवर एकटाच टिंब आला, की पत्र संपले. प्रत्येक पायरीवर समोरचा संगणक तीन आकडी उत्तर देतो. मंजूर असेल तर २५०, असा कोणी इथे राहत नाही असे असेल तर ५५०. इतकी ही साधी रचना आजही जगभरच्या ईमेलच्या मुळाशी आहे. पत्त्याची मांडणी कशी असावी, हे त्याच महिन्यात डेव्हिड क्रॉकर यांच्या टिपण क्रमांक ८२२ ने ठरवले.

या दुसऱ्या टिपणातील दोन गोष्टी आपल्या प्रश्नासाठी महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे, ‘ॲट द रेट’च्या डावीकडच्या भागात टिंब कुठे चालेल, याला नियम आहे. सुरुवातीला नाही, शेवटी नाही आणि सलग दोन तर नाहीच. दुसरी म्हणजे, डावीकडच्या भागाचा अर्थ लावण्याचा हक्क फक्त शेवटच्या, म्हणजे पत्र ज्याच्या घरी जायचे त्या संगणकाला आहे. वाटेतल्यांनी त्यात डोके घालू नये. पोस्टमनने पाकिटावरचे गाव वाचावे. त्या गावात ‘भाऊ’ म्हणजे कोण, हे गावच ठरवील.

हे दोन नियम एकमेकांना भिडले ते जपानमध्ये. डोकोमो या कंपनीने फेब्रुवारी १९९९ मध्ये मोबाइलवर ईमेलची सेवा सुरू केली. सुरुवातीला ग्राहकाचा पत्ता म्हणजे त्याचा फोन क्रमांकच असे. त्यामुळे कोणतेही आकडे जुळवून जाहिरातींची पत्रे पाठवणाऱ्यांचे फावले. ग्राहक मग अंदाज बांधता येणार नाही असे पत्ते घेऊ लागले. कंपनीने त्यांना सलग दोन टिंबे, ‘ॲट द रेट’च्या अगदी आधीचा टिंब, हे सगळे घेऊ दिले. हे पत्ते नियमबाह्य होते, पण एका फोनवरून दुसऱ्या फोनवर पत्रे बिनदिक्कत जात होती. अडचण आली ती बाहेरच्यांशी व्यवहार करताना. नियम काटेकोरपणे पाळणारी संकेतस्थळे हे पत्ते घेईनात आणि बाहेरच्या काही यंत्रणा त्यांवर पत्रही पाठवीनात. चूक कंपनीची होती, दार बंद झाले ते ग्राहकाला. पुढे कंपनीने असे नवे पत्ते देणे थांबवले, पण आधी दिलेले पत्ते लोकांकडे राहिलेच.

अशा ग्राहकाचा पत्ता व्यापाऱ्याने स्वीकारावा का? पोस्टेल यांच्या नियमाने पाहिले तर उत्तर होकारार्थी येते. पत्ता देणारा माणूस खरा आहे, पत्रही पोहोचते आहे. खात्री करायचा सरळ मार्ग म्हणजे त्या पत्त्यावर एक पत्र पाठवायचे आणि त्याला उत्तर मिळते का ते पाहायचे. टिंबे मोजून माणूस सापडत नाही, पत्र पाठवून सापडतो.

या उदारपणाला मर्यादा मात्र आहे. ग्राहकाने टिंबाऐवजी स्वल्पविराम टाकला वा मेल कंपनीच्या नावातले एक अक्षर गाळले, तर संगणकाने मनानेच दुरुस्ती करून पुढे जाणे धोक्याचे. अंदाज चुकला, तर एकाचा एचआयव्ही तपासणीचा रिपोर्ट दुसऱ्याच्याच हाती पडेल. वॉर्डात एकाच नावाचे दोन रुग्ण असतील, तर इंजेक्शन देण्याआधी परिचारिका रुग्णालाच पूर्ण नाव विचारते, अंदाज करत नाही. इथेही तेच. शंका आली तर विचारावे, पण दार लावू नये.

आणखी एक प्रकार तर याच्या अगदी उलट आहे. पत्ता नियमात चोख बसतो आणि अर्जच त्याला चुकीचा ठरवतो. डावीकडच्या भागात अधिकचे चिन्ह चालते, आयरिश आडनावांत असते तसे अपॉस्ट्रॉफीचे चिन्हही चालते. तरी कित्येक अर्ज ती नाकारतात, कारण अर्ज बनवणाऱ्याने मूळ नियम न वाचता स्वतःच्या समजुतीने चाळणी लावलेली असते. मराठी वाचकाला हा प्रश्न जवळचा आहे. ईमेल पत्ता इंग्रजीखेरीज इतर लिपींतही असू शकतो, असे नियम २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘.भारत’ हे देवनागरी शेपूट २०१४ मध्ये मराठी, हिंदी, कोंकणी अशा भाषांसाठी खुले झाले. म्हणजे देवनागरीतला ईमेल पत्ता नियमाने वैध आहे. पण तो अर्जात टाकून पाहिला, तर लाल ओळ येण्याचीच शक्यता जास्त. यात पोस्टेल यांच्या नियमाचे दोन्ही भाग मोडतात. उदारपणा तर नाहीच, काटेकोरपणाही नाही.

देशांच्या नावांबाबत पोस्टेल यांची भूमिका अशीच नेमस्त होती. भारताचे ‘.इन’, ब्रिटनचे ‘.यूके’ ही शेपटे कोणाला द्यायची, याचा निर्णय त्यांच्या वहीत होत असे. कोणता प्रदेश देश आहे आणि कोणता नाही, हे ठरवायला आपण बसलेलो नाही, आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या यादीत जे नाव असेल ते चालेल, हे धोरण त्यांनी १९९४ च्या एका टिपणात नोंदवून ठेवले. ‘.इन’ची नोंद १९८९ मध्ये झाली आणि त्याचा कारभार मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडे आला. भारतीय इंटरनेटच्या पत्त्यांचा कारभार असा काही वर्षे मुंबईतून चालला.

जाळे वाढले, त्यात पैसा आला आणि एका माणसाच्या वहीवर जगाचा कारभार चालणे अवघड झाले. पत्त्यांची मूळ यादी ठेवणाऱ्या संगणकांपैकी आठ संगणकांच्या चालकांना २८ जानेवारी १९९८ रोजी पोस्टेल यांनी ईमेल केली. यादी यापुढे सरकारी कंत्राटदार कंपनीच्या संगणकाऐवजी आपल्या संस्थेतील संगणकावरून घ्यावी, अशी ती विनंती होती. आठही जणांनी ती मानली. अमेरिकी सरकार अस्वस्थ झाले. पोस्टेल यांनी ही चाचणी असल्याचे सांगितले आणि काही दिवसांत सगळे पूर्ववत केले. कोणताही कायदेशीर अधिकार हाती नसताना केवळ विश्वासावर एका माणसाचा शब्द किती चालत होता, हे त्या दिवशी दिसले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये या कामासाठी ‘आयकॅन’ ही स्वतंत्र संस्था स्थापन झाली.

त्या संस्थेचा कारभार पाहायला पोस्टेल उरले नाहीत. त्यांच्या हृदयाची एक झडप गळत होती. ती बदलण्याच्या शस्त्रक्रियेनंतर १६ ऑक्टोबर १९९८ रोजी लॉस एंजेलिसमध्ये त्यांचे निधन झाले. वय अवघे ५५.

हृदयाला चार झडपा असतात आणि हृदय दिवसात सुमारे एक लाख वेळा धडधडते. रक्त एकाच दिशेने जावे, मागे फिरू नये, एवढेच झडपेचे काम. ती नीट मिटली नाही, की पुढे गेलेल्या रक्तातला काही भाग परत येतो. हृदय तक्रार करत नाही. आलेले जादा रक्त सामावून घेते, त्यासाठी स्वतःचा कप्पा मोठा करते. अशी वर्षे जातात. जिना चढताना दम लागत नाही, पाय सुजत नाहीत, रुग्णाला आपण ठणठणीत असल्यासारखे वाटते. हे सामावून घेणे हीच हृदयाची ताकद आणि हाच धोका. स्नायू थकल्यावर लक्षणे दिसतात, तेव्हा बराच उशीर झालेला असतो. म्हणूनच गळती कळल्यावर त्रास नसला तरी डॉक्टर ठरावीक काळाने इको तपासणी करायला सांगतात. आपल्याकडे लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने झडपा खराब झालेले रुग्ण आजही मोठ्या संख्येने आहेत. त्यांनी ही तपासणी टाळू नये.

पोस्टेल यांच्या तत्त्वावर पुढच्या पिढीने जी टीका केली, ती नेमकी हीच आहे. चुका निमूटपणे सामावून घेणारी यंत्रणा बाहेरून ठणठणीत दिसते, चुका आत साचत राहतात. डिसेंबर २०२३ मध्ये याचा मोठा पुरावा समोर आला. पत्र कुठे संपते, हे सांगणाऱ्या एकट्या टिंबाच्या मागेपुढे ओळ कशी तोडावी, याचा नियम १९८२ पासून ठरलेला आहे. काही यंत्रणा ओळ दुसऱ्या पद्धतीने तोडलेली असली तरी उदारपणे चालवून घेत होत्या. संशोधकांनी दाखवून दिले, की याचा फायदा घेऊन एका पत्राच्या पोटात दुसरे पत्र लपवता येते आणि ते भलत्याच्याच नावाने पोहोचवता येते. ईमेलच्या अनेक प्रमुख आज्ञावलींना तातडीने दुरुस्ती करावी लागली. त्याच वर्षी जूनमध्ये आरएफसी मालिकेतच एक टिपण आले होते. चुका मुकाट्याने पचवत राहिल्याने नियमच हळूहळू पोखरला जातो, म्हणून दोष दिसल्यावर तो उघड करून दुरुस्त करण्याची व्यवस्था हवी, असे त्याचे सांगणे.

याचा अर्थ पोस्टेल चुकले असा नाही. ज्या काळात जाळे जगेल की नाही हीच शंका होती, त्या काळात उदारपणानेच ते जगवले. पण जगाने त्यांच्या नियमाचा सोयीचा अर्धा भाग उचलला. घेणाऱ्याने उदार व्हावे, हे सर्वांना आठवले. देणाऱ्याने काटेकोर असावे, हे विस्मरणात गेले. व्यवसायांपुढचा मार्ग दोन्ही अर्धे एकत्र जोडण्याचा आहे. ग्राहकाचा पत्ता चालत असेल तर तो नियमात नसला तरी घ्यावा, कारण चूक त्याने केलेली नाही. पण अशा पत्त्यांची नोंद ठेवावी, ते देणाऱ्या कंपनीला दोष कळवावा आणि आपण स्वतः नियमबाह्य पत्ता कोणालाही देऊ नये. गळणारी झडप घेऊन आलेल्या रुग्णाला दारातून परत पाठवत नाहीत. त्याला आत घेतात, पण गळतीकडे डोळेझाकही करत नाहीत.

पोस्टेल यांच्या निधनानंतर त्यांचे शाळेपासूनचे सोबती व्हिंट सर्फ यांनी मृत्युलेख लिहिला. तो त्याच मालिकेत, आरएफसी क्रमांक २४६८ म्हणून प्रसिद्ध झाला. इंटरनेट सोसायटीने त्यांच्या नावाचा पुरस्कार १९९९ मध्ये सुरू केला आणि पहिला मान त्यांनाच मरणोत्तर दिला. त्यांचे टिपण क्रमांक ८२१ पुढे दोनदा नव्याने लिहिले गेले, तरी पायऱ्या त्याच राहिल्या. आजही पत्र पोहोचले की समोरचा संगणक २५० हाच आकडा परत पाठवतो.